'अवॉइड'चं काय? एका लाडक्या नियमाची उलटतपासणी

संशोधन आराखडा मांडताना समिती अवघड प्रश्न विचारते, असं सगळे सीनियर सांगतात. मला प्रश्न सोपा विचारला गेला आणि तोच जड गेला.

माझा विषय तेव्हा असा होता: मराठी माध्यमातून आलेल्या पदवीच्या विद्यार्थ्यांना इंग्रजी क्रियापदानंतर जेरंड लावायचा की इन्फिनिटिव्ह, हे कसं शिकवावं. गृहीतकही ठरलेलं होतं. विद्यार्थ्यांना क्रियापदांच्या याद्या पाठ करायला लावण्याऐवजी अर्थाचा एकच नियम दिला तर चुका कमी होतील. नियम तुम्हीही शाळेत, क्लासमध्ये किंवा नेट-सेटच्या तयारीत ऐकला असेल. जे अजून घडायचं आहे, मनात आहे, त्याला 'टू'. जे घडून गेलं किंवा प्रत्यक्ष चालू आहे, त्याला 'इंग'. 'स्टॉप स्मोकिंग' आणि 'स्टॉप टू स्मोक' ही जोडी फळ्यावर लिहायची, की वर्ग खूश.

समितीसमोर मीही तीच जोडी लिहिली. एका मॅडमनी शांतपणे विचारलं, "आणि 'अवॉइड'चं काय? जे टाळलं ते घडलेलंच नसतं ना? मग तिथे 'इंग' कसा?"

मी म्हणालो, "तो अपवाद आहे, मॅडम."

"बरं. आणि 'मॅनेज'? 'मॅनेज्ड टू फिनिश' म्हणजे काम झालं. मग तिथे 'टू' का?"

"तोही अपवादच."

"असे अपवाद किती आहेत, बघितलंत का?"

बघितलं नव्हतं. आराखडा सुधारणेसाठी परत आला, आणि पुढच्या बैठकीपर्यंत सहा महिने गेले. त्या सहा महिन्यांत मी हा नियम मुळापासून तपासला. नियम खोटा नाही, पण चुकीच्या कामाला जुंपलेला आहे, अशा निष्कर्षावर मी आलो. कसा, ते इथे मांडतो. तुमचा विषय व्याकरणाचा नसला तरी वाचा. कारण प्रत्येक विषयात असा एखादा लाडका नियम असतोच.

(सोयीसाठी पुढे 'टू-रूप' आणि 'इंग-रूप' असंच म्हणतो. 'जेरंड' या शब्दावरच वाद आहेत. हडलस्टन आणि पुलम यांच्या 2002 च्या मोठ्या व्याकरणात जेरंड आणि वर्तमान कृदन्त वेगळे मानलेलेच नाहीत. त्या वादात आज शिरायचं नाही.)

नियम आला कुठून?

पाठ्यपुस्तकात नियम असा छापलेला असतो की जणू तो आकाशातून पडला. पण त्याला वंशावळ आहे, आणि ती बघितली की अर्धा गोंधळ संपतो.

ड्वाइट बोलिंजर यांनी 1968 मध्ये 'ग्लॉसा' या नियतकालिकात एक लेख लिहिला. त्यांचा व्यापक मुद्दा असा, की भाषेत रूप वेगळं असेल तर अर्थातही काहीतरी फरक असतो. त्याच ओघात ते म्हणतात की टू-रूपात शक्यतेची, कल्पनेची छटा असते आणि इंग-रूपात गोष्ट जणू मूर्त झालेली असते. पण त्यांचा युक्तिवाद मुख्यतः कुठे लागू पडतो, ते बघा. जिथे एकाच क्रियापदानंतर दोन्ही रूपं चालतात तिथे.

1970 मध्ये पॉल आणि कॅरल किपार्स्की यांचा 'फॅक्ट' हा गाजलेला लेख आला. काही क्रियापदं पुढची गोष्ट खरी आहे असं गृहीत धरतात ('रिग्रेट' घ्या), काही धरत नाहीत, आणि या फरकाचा वाक्यरचनेशी संबंध आहे, हे त्यांनी दाखवलं. त्यांचा प्रश्न 'तथ्य गृहीत धरणं' हा होता. विद्यार्थ्याने गाळलेली जागा कशी भरायची, हा नव्हता.

मग 1985 मध्ये क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांचं व्याकरण आलं. त्यातही 'शक्यता' विरुद्ध 'प्रत्यक्ष कृती' हा फरक आहे. सर्वसाधारण कल म्हणून आहे. हडलस्टन आणि पुलमसुद्धा हा कल मान्य करतात, पण तोही कल म्हणूनच.

म्हणजे मूळ अभ्यासकांनी सावधपणे, ठरावीक कक्षेत मांडलेली गोष्ट गाइडपर्यंत येता येता 'नियम' झाली आणि सगळ्या क्रियापदांना लागू झाली. कल आणि नियम यांतला हा फरक माझ्या आराखड्यातूनही गळून गेला होता. मी गाइड वाचून बोलिंजरचं नाव टाकलं होतं. मूळ लेख वाचला तो आराखडा परत आल्यावर.

लाडकं उदाहरण मुळात उदाहरणच नाही

आधी 'स्टॉप'. या नियमाचं हे सगळ्यात लोकप्रिय उदाहरण. 'ही स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे त्याने सिगरेट सोडली. 'ही स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे सिगरेट ओढायला तो थांबला. आता सांगा, 'स्टॉप' या क्रियापदाने इथे दोन रूपांमधून एकाची निवड केली आहे का?

नाही. दुसऱ्या वाक्यात 'टू स्मोक' हे 'स्टॉप'चं कर्म किंवा पूरक नाहीच. तो हेतू आहे, बाहेरून जोडलेला. 'टू'च्या जागी 'इन ऑर्डर टू' घालून बघा, वाक्य तसंच राहतं. 'ही स्टॉप्ड द कार टू स्मोक' असं म्हणा, तेही चालतं. 'स्टॉप'ला स्वतःचं कर्म मिळालं तरी 'टू स्मोक' जागचं हलत नाही. असा हेतू कुठल्याही क्रियापदाला जोडता येतो. तो बसला ओढायला, तो बाहेर गेला ओढायला, तसा तो थांबला ओढायला.

मराठीतही ही चाचणी करता येते. '-ायला'च्या जागी '-ण्यासाठी' घाला:

- तो सिगरेट ओढायला थांबला. → तो सिगरेट ओढण्यासाठी थांबला. (चालतं)
- मी कुलूप लावायला विसरलो. → मी कुलूप लावण्यासाठी विसरलो. (चालत नाही)
- मला पोहायला आवडतं. → मला पोहण्यासाठी आवडतं. (चालत नाही)

पहिल्या वाक्यातलं '-ायला' हेतूचं आहे, पुढच्या दोनमधलं क्रियापदाने स्वतः मागितलेलं आहे. रूप एक, कामं दोन. इंग्रजीतल्या टू-रूपाचंही तसंच आहे. 'रिमेंबर', 'फर्गेट', 'ट्राय' यांच्यानंतरचं 'टू' मागितलेलं आहे, 'स्टॉप'नंतरचं नाही. त्यामुळे 'स्टॉप'ची जोडी 'रिमेंबर'च्या शेजारी मांडणं म्हणजे घरचा माणूस आणि पाहुणा एकाच रेशनकार्डावर चढवणं. नियमाच्या बाजूचा जो पुरावा सगळ्यात ठसठशीत वाटतो, तोच बाद होतो.

आता उरलेली क्रियापदं

मी दोन रकाने केले. एकात इंग-रूप घेणारी, पण गोष्ट न घडलेली क्रियापदं. दुसऱ्यात टू-रूप घेणारी, पण गोष्ट घडलेली.

पहिल्या रकान्यात आली अवॉइड, सजेस्ट, कन्सिडर, इमॅजिन, पोस्टपोन, रिस्क. टाळलेलं, सुचवलेलं, विचाराधीन, कल्पिलेलं, पुढे ढकललेलं. यांतलं काहीच झालेलं नसतं. तरी सगळीकडे 'इंग'.

दुसऱ्या रकान्यात 'मॅनेज' आणि 'हॅपन'. लाउरी कार्टुनेन यांनी 1971 मध्ये 'मॅनेज'सारख्या क्रियापदांवर स्वतंत्र लेख लिहिला आहे. 'मॅनेज्ड टू' म्हटलं की पुढची गोष्ट घडली असाच निष्कर्ष निघतो, 'डिड नॉट मॅनेज टू' म्हटलं की घडली नाही असा. म्हणजे वास्तवाशी घट्ट बांधलेलं क्रियापद, आणि रूप मात्र 'टू'. याच रकान्यात 'सीज'. 'सीज टू एग्झिस्ट' म्हणजे अस्तित्व संपलं. यात पुढे घडायचं असं काय आहे? गंमत अशी, की 'संपणं-थांबणं' या एकाच कुटुंबात 'फिनिश' आणि 'स्टॉप' फक्त इंग-रूप मागतात आणि 'सीज' दोन्ही चालवतं.

अशा जवळच्या अर्थाच्या जोड्या फार आहेत. 'होप'ला टू-रूप, 'इमॅजिन'ला इंग-रूप. 'प्रपोज' दोन्ही घेतं, त्याचा सख्खा भाऊ 'सजेस्ट' टू-रूपाला दारात उभं करत नाही. 'लाइक' दोन्ही घेतं, 'एन्जॉय' एकच. अर्थावरून रूप ठरत असतं, तर सारख्या अर्थाची क्रियापदं सारखी वागली असती.

शिवाय काही ठिकाणी निवड अर्थावर नसतेच. 'बिगिन' आणि 'स्टार्ट' दोन्ही रूपं घेतात. पण 'इट इज स्टार्टिंग'नंतर बहुतेक लोक 'टू रेन' म्हणतात, कारण 'स्टार्टिंग रेनिंग' असे दोन 'इंग' लागोपाठ कानाला खुपतात. एकसारखी रूपं शेजारी येऊ न देण्याच्या या प्रवृत्तीला भाषावैज्ञानिक 'हॉरर ईक्वी' म्हणतात. गुंटर रोडेनबुर्ग यांनी इंग्रजीत ती तपशिलात अभ्यासली आहे. पाऊस तोच, अर्थ तोच, रूप बदललं ते शेजाऱ्यामुळे.

नियमाची सगळ्यात मजबूत बाजू

टीका करताना समोरच्याचं सगळ्यात दुबळं रूप पकडून झोडपणं सोपं असतं. म्हणून नियमाचं सगळ्यात मजबूत रूप बघू. ते मला पॅट्रिक डफ्ली यांच्याकडे सापडलं (1992 आणि 2006 ची पुस्तकं). 'भविष्य' आणि 'भूत' ही लेबलं ते वापरत नाहीत. 'टू' हा मुळात दिशा दाखवणारा शब्द, म्हणून टू-रूपात एका बिंदूपासून घटनेपर्यंतची वाटचाल असते. ती वाटचाल पूर्ण होऊ शकते ('मॅनेज') किंवा अर्ध्यावर राहू शकते ('होप'). इंग-रूप मात्र साध्या नामासारखं कर्माच्या जागी बसतं. काय टाळलं? जाणं. काय सुचवलं? जाणं. त्याने भूतकाळ सांगितलाच पाहिजे असं काही नाही.

हे पटतं. समितीसमोर मला हे माहीत असतं तर मॅडमच्या दोन्ही प्रश्नांना उत्तर देता आलं असतं. तरी एक प्रश्न उरतो, आणि तो माझ्यासाठी निर्णायक आहे. उत्तर झाकून ठेवा आणि मग विचारा. समजा 'सजेस्ट' हे क्रियापद तुम्ही पहिल्यांदाच बघताय, अर्थ माहीत आहे, पण पुढे काय येतं ते माहीत नाही. सुचवणं ही घटनेकडे नेणारी वाटचाल म्हणाल, की सुचवलेली गोष्ट हे नुसतं कर्म म्हणाल? दोन्ही म्हणता येतं. 'प्रपोज'मध्ये तर इंग्रजीच दोन्ही म्हणते. उत्तर माहीत असेल तर डफ्लींची गोष्ट छान जुळते. उत्तर माहीत नसेल तर ती नेहमीच वाट दाखवत नाही.

स्पष्टीकरण आणि भाकीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निकाल लागल्यावर उमेदवार का पडला हे नाक्यावरचा प्रत्येक जण सांगतो. वर्णनात्मक अभ्यासासाठी स्पष्टीकरण मौल्यवान आहे. पण माझा आराखडा विद्यार्थ्याला भाकीत करायला लावणारा होता, आणि हातात दिलं होतं स्पष्टीकरण.

मराठी माणूस नेमका कुठे अडतो?

इथे मला माझ्या आराखड्यातली खरी चूक सापडली. नियम ज्या क्रियापदांवर उत्तम चालतो, ती बघा आणि मराठी शेजारी ठेवा:

- रिमेंबर टू लॉक: कुलूप लावायचं लक्षात ठेवणं. रिमेंबर लॉकिंग: कुलूप लावल्याचं आठवणं.
- फर्गेट टू लॉक: लावायला विसरणं. फर्गेट लॉकिंग: लावल्याचं विसरणं.
- रिग्रेट टू से: सांगायला वाईट वाटणं. रिग्रेट सेइंग: सांगितल्याचा पश्चात्ताप होणं.
- ट्राय टू ओपन: उघडायचा प्रयत्न करणं. ट्राय ओपनिंग: उघडून बघणं.

मराठीत हा फरक आधीच आहे, आणि इंग्रजीपेक्षा बारीक आहे. '-ायला', '-ायचं', '-ल्याचं', '-ून बघणं' अशी हत्यारं घेऊन मूल शाळेत येतं. त्याला 'शक्यता विरुद्ध वास्तव' असं तत्त्वज्ञान शिकवायची गरज नाही. चार मराठी वाक्यं शेजारी लिहिली की काम झालं.

आता जिथे इंग्रजीत पर्यायच नाही, ती क्रियापदं बघा. पोहायला आवडतं: एन्जॉय. जायचं टाळलं: अवॉइड. अर्ज करायचा विचार करतोय: कन्सिडर. जायचं सुचवलं: सजेस्ट. मराठीत इथे '-ायला' आणि '-ायचं' सहज येतात, आणि वरच्या यादीत हीच रूपं 'टू'च्या जोडीला बसली होती. त्यात गोष्ट अजून घडलेली नाही. म्हणजे मराठीही 'टू'कडे ढकलते आणि आपला नियमही 'टू'कडेच ढकलतो. निकाल: 'सजेस्ट टू यूज', 'अवॉइड टू मेन्शन', 'कन्सिडरिंग टू अप्लाय'.

ही वाक्यं मी कल्पनेने लिहिलेली नाहीत, माझ्याच जुन्या मसुद्यांमधली आहेत, मार्गदर्शकांच्या लाल शाईसकट. एका माणसाचे मसुदे हा पुरावा होत नाही, हे मान्य. पण नवं गृहीतक मला तिथूनच मिळालं: नियम जिथे मदत करतो तिथे मराठी विद्यार्थ्याला ती फारशी लागत नाही, आणि जिथे विद्यार्थी खरंच अडतो तिथे नियम त्याला चुकीच्या बाजूला ढकलू शकतो. 'नियमामुळे चुका कमी होतात' हे सिद्ध करायला निघालेला मी, कदाचित काही चुका वाढवणार होतो. तेही प्रयोग म्हणून, पोरांच्या जिवावर.

मग 'अवॉइड'ला 'इंग' का?

याचं प्रामाणिक उत्तर बऱ्याच अंशी इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत 'टू' लावलेलं रूप दिशा आणि हेतू सांगायचं. 'इंग' हा नाम तयार करणारा प्रत्यय होता, आपल्या '-णे'सारखा. मध्ययुगीन इंग्रजीपासून या नामाने हळूहळू क्रियापदाचे गुण घेतले, कर्म घेतलं, क्रियाविशेषण घेतलं, आणि पुढच्या काही शतकांत एकेका क्रियापदानंतर टू-रूपाची जागा बळकावली. या प्रदीर्घ बदलाला रोडेनबुर्ग आणि उवे फोसबेर्ग 'ग्रेट कॉम्प्लिमेंट शिफ्ट' म्हणतात.

त्यातली 'रिमेंबर'ची गोष्ट नियमवाल्यांनी जरूर वाचावी. भेटल्याचं आठवतं, यासाठी इंग्रजीत पूर्वी 'रिमेंबर टू हॅव मेट' अशी रचना असायची. गोष्ट भूतकाळातली, घडून गेलेली, आणि रूप टू. 'रिमेंबर मीटिंग' ही रचना तेरेसा फानेगो यांच्या अभ्यासानुसार अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळू लागली. म्हणजे नियमाचं जे सगळ्यात सुंदर उदाहरण, तीही वाटणी उशिरा झालेली आहे. जिथे वाटणी नीट झाली तिथे आपल्याला अर्थ दिसतो. जिथे एका रूपाने सगळंच घेतलं तिथे अर्थ शोधत बसण्यात फार हशील नाही.

माझ्या आराखड्याचं पुढे काय झालं

याद्यांना मी तुच्छ मानत होतो. आता मानत नाही. 'सजेस्ट, अवॉइड, कन्सिडर, इन्व्हॉल्व्ह, रिस्क' यांना इंग-रूप आणि 'एम, सीक, टेंड, फेल, मॅनेज' यांना टू-रूप, एवढं पाठ केलं तर प्रबंध लिहिताना रोज उपयोग होतो. शब्द शिकतानाच त्याचा जोडीदार शिकायचा. 'सजेस्ट' एकटा शिकायचाच नाही. स्टेफान ग्रीस आणि स्टेफनी वुल्फ यांनी 2009 मध्ये जर्मन विद्यार्थ्यांवर काम करताना, कोणत्या क्रियापदाशी कोणतं रूप किती घट्ट बांधलेलं आहे हेच मोजलं. नवा आराखडा मी त्या वाटेने बांधला: दोन्ही रूपं घेणारी मोजकी क्रियापदं मराठी वाक्यांच्या आधाराने, बाकीची जोडीदारासकट. 'लुक फॉरवर्ड टू'ला वेगळी सूचना, कारण तिथला 'टू' साधा शब्दयोगी आहे. पुढे नाम ठेवून बघितलं की कळतं.

समितीने या वेळी आराखडा मान्य केला. त्याच मॅडमनी शेवटी विचारलं, "आणि तुमच्या नव्या गृहीतकाला तुमचं 'अवॉइड' कोणतं?" या वेळी उत्तर तयार होतं. 'फिनिश'. 'लिहून संपवलं' म्हणताना मराठी '-ायला'कडे जात नाही. तरीही विद्यार्थी 'फिनिश टू राइट' लिहितात असं दिसलं, तर मराठीचा प्रभाव हे माझं कारण डळमळेल. त्या म्हणाल्या, "मग सुरुवात तिथूनच करा."

तुम्ही आराखडा लिहायला बसलात की आधी तुमचं 'अवॉइड' शोधा. ते तुम्हाला घरी सापडलेलं बरं. समितीला सापडलं तर सहा महिने जातात.